लेबल खरवडलेले दोन कॅन

१४ जुलै, सोमवार

आज प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतून दोन रिकामे कॅन उचलून आणले. पाच-पाच लिटरचे, जाड, पांढरे, लाल झाकणाचे. तिथं नुसते धूळ खात पडले होते, कधी ना कधी भंगारात जाणारच, आणि खोलीची किल्ली माझ्याकडेच, म्हणून कोणाला विचारलं नाही.

मनकर्णाबाईचा पाण्याचा कॅन परवा भाताच्या बांधीवर फुटला. मनकर्णाबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दिव्यानीची आई. रोवणीच्या टोळीची म्होरकी आहे. तिच्यासंगं अकरा बाया चिखलात वाकून भाताचे पऱ्हे रोवतात, आणि साऱ्या जणी तिनं घरून नेलेलं पाणी पितात. कॅन फुटल्याचं दिव्यानीनं फोनवर कोणाला तरी सांगितलं, ते मी ऐकलं. मला नव्हतं सांगितलं.

दोन्हीवर साधना मॅडमच्या अक्षरातली लेबलं होती. तेलकट होऊन चिकटली होती, वाचत बसलो नाही. ब्लेडनं खरवडली, डिंक खोबरेल तेलानं काढला, सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुतले. अगदी दुकानातून आणल्यासारखे दिसायला लागले. संध्याकाळी एक मनकर्णाबाईला नेऊन दिला.

"कुठून आणला गा?"

"मॅडमनं फेकाले सांगतला होता."

"पोट्टा कामाचा दिसते," मनकर्णाबाई म्हणाली आणि दिव्यानीकडे पाहिलं. दिव्यानी आत गेली आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तिला माझा एवढा राग काऊन येतो?

दुसरा कॅन मायला दिला. खरं तर दोन अशासाठी आणले की धुताना एक बिघडला तर दुसरा असावा.

ही वही दिव्यानीनंच दिली. मार्च महिन्यात मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्रॅक्टिकलच्या तासाला एकाची कॉलर धरून त्याला बेसिनवर दाबलं होतं. तो तिच्याबद्दल जे बोलला ते इथं लिहीत नाही. प्राचार्यांनी माफीनामा लिहायला लावला. मी कागद फाडला, त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि कॉलेज सोडलं. महिन्याभरानं साधना मॅडमनी मला त्याच कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला ठेवलं. का ठेवलं ते अजून कळलेलं नाही. पहिल्या दिवशी दिव्यानीनं ही वही पुढं टाकली आणि म्हणाली, "डोस्क्यात जे उकळते ते यात वत. माणसाइवर नको."

१६ जुलै, बुधवार

आमची प्रयोगशाळा पाण्याचं वय सांगते. ब्रह्मपुरीपासून पार गडचिरोलीच्या जंगलातल्या हातपंपापर्यंतचं पाणी येतं. पावसाच्या पाण्यात ट्रिशियम नावाची किरणोत्सारी चीज अगदी चिमूटभर असते आणि जमिनीत मुरल्यावर ती वर्षावर्षानं कमी होत जाते. किती उरली ते मोजलं की पाणी किती जुनं ते कळतं. पण तिचे किरण इतके दुबळे की पाण्याबाहेरच येत नाहीत. म्हणून बोटभर उंचीच्या बाटलीत पाणी घ्यायचं आणि त्यात कॉकटेल नावाचं रसायन मिसळायचं. किरण लागला की ते कॉकटेल बारीकसं चमकतं. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतं. यंत्र चमका मोजतं. नुसत्या पाण्यालाही मिनिटाला वीसेक चमका येतातच, त्या धरायच्या नाहीत.

आजवर टोल्युइनचं कॉकटेल होतं, आधीच्या सरांच्या काळापासूनचं. पेंटच्या दुकानासारखा वास. डोकं धरतं, आगीचं भ्या आहे ते वेगळं. मॅडम म्हणतात आता बंद. कमी विषारी, सहज पेट न घेणारी तीन कॉकटेलं नमुन्याला आली आहेत, अ, ब आणि क. त्यातलं एक निवडायचं काम दिव्यानीचं. पाणी घातल्यावर फाटायला नको, चमक पुरेशी यायला हवी आणि हाताळणाऱ्याचं डोकं धरायला नको.

मॅडमनी मला ठणकावलं, "मिसळलेली बाटली लगेच यंत्रात घालायची नाही. उजेड लागलेला असतो, पाण्यात औषधं असतात, त्यानंही कॉकटेल चमकतं. रात्रभर अंधारात ठेव. पहिल्या तासाचा आकडा म्हणजे गावातली अफवा."

दिव्यानी दिवसभर कपाळ दाबत होती. मला यंत्राशेजारच्या त्या प्रमाण-नमुन्याच्या बाटलीचीच भीती वाटते, ज्यात मुद्दाम ट्रिशियम घातलेलं असतं. दिव्यानी ती रोज हाताळते. मी म्हटलं, मी हाताळतो. तिनं हातमोज्यांची जोडी माझ्या अंगावर फेकली. "पहिले हे घालाले शिक." सगळ्यांसमोर.

१८ जुलै, शुक्रवार

माय कटकट करते. "या कॅनातल्या पाण्याले पेट्रोलावानी वास येते रे. डोस्कं ठणकून राह्यलं मायं दोन दिवसांपासून."

म्हटलं, "फुकटात भेटला तं नखरे सुचते. ऊन लागलं असन."

बा पहाटे तोच कॅन मासे धरायच्या डोंग्यात घालून वैनगंगेवर जातो, दुपारी घरी आणतो. त्याची काही तक्रार नाही. तो कशाचीच करत नाही.

दिव्यानीला बरं नाही, तरी कामावर आली. तिच्या आईचंही डोकं दुखतं म्हणे, त्यामुळे तिला घरचंही काम पडतं. संध्याकाळी तिच्या घरावरून दोनदा गाडी नेली. ती अंगणात नव्हती.

२१ जुलै, सोमवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

आज वजनाचं काम होतं. शुक्रवारी दिव्यानीनं प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये जुनं टोल्युइनचं कॉकटेल आणि अ, ब, क भरून, झाकणं घट्ट लावून, वजन करून ठेवल्या होत्या. आज पुन्हा वजन केलं. क तेवढंच. ब तेवढंच. अ थोडं कमी. टोल्युइनची बाटली चांगलीच हलकी झाली होती. झाकण घट्टच होतं, टेबल कोरडं होतं.

मी म्हटलं, "गेलं कुठी?"

"भिंतीतून," मॅडम म्हणाल्या. "प्लास्टिक पितं ते, आणि बाहेर सोडतं. वरून कितीही धू, आत मुरलेलं निघत नाही. म्हणून तर टोल्युइनचे ते मागचे कॅन मी कोणाला हात लावू देत नाही."

मग त्या पुढं म्हणाल्या, "त्यातही निम्मे टाकाऊचे आहेत. वापरलेलं कॉकटेल, प्रमाण-नमुन्यासकट. लेबल आहे म्हणून ओळखू येतात."

लेबल.

दोन कॅन. टाकाऊचा एक की दोन्ही, की एकही नाही, ते मला सांगता येत नाही, कारण सांगणारी गोष्ट मी ब्लेडनं खरवडून नालीत टाकली. मनकर्णाबाई आठवड्यापासून त्यातलं पाणी पिते. अकरा बायांना पाजते. दिव्यानी घरी तेच पीत असेल.

मॅडमना सांगायला तोंड उघडलं. दिव्यानी समोर वजनं लिहीत होती. तोंड मिटलं.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी रोवणीवर गेलो. मनकर्णाबाईला म्हटलं, तहान लागली. अर्धं प्यायल्यासारखं केलं आणि बाकीचं खिशातल्या बाटलीत भरलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. टोळीतली सुगंधाबाई तेवढी म्हणाली, "एवढ्या लांबून पाणी प्याले येते, ब्रह्मपुरीचे नळ आटले काय गा?" बाया हसल्या. चिखलात उभ्या, पदर खोचलेल्या, हसणाऱ्या त्या साऱ्या जणी मला मेल्यासारख्याच दिसल्या. असं लिहू नये, पण दिसल्या.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते. खिडकीशी उभं राहून त्या पाण्यात क मिसळलं आणि बाटली यंत्रात घातली. वाट पाहायची ताकद नव्हती.

तीन हजार नऊशे बारा.

मिनिटाला. वीस यायला पाहिजे तिथं तीन हजार नऊशे बारा.

गाडी कशी चालवली माहीत नाही. बांध्यांमधून धावलो, पऱ्ह्यांवरून धावलो. सुगंधाबाईच्या ओठाला लावलेला गिलास हातातून हिसकला, कॅन उचलला आणि उलटा केला.

"भांग पेला काय बे!" ती ओरडली.

"पिऊ नका! कोणी पिऊ नका यातलं!"

"काऊन? काय झालं त्या पाण्याले?" मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रोज ब्लीचिंग टाकते मी त्यात, दवाखान्याच्या आशाताईनं सांगतलं तेवढं मोजून. जहर टाकते काय?"

अकरा तोंडं माझ्याकडे पाहत होती. म्हटलं, "कॅन... कॅन खराब आहे." आणि तो छातीशी धरून पळालो.

मागून सुगंधाबाईचा आवाज आला, "देल्ली वस्तू परत नेते रे बाप्पा! दिव्यानीनं नाई म्हटलं वाट्टे!" आणि सगळ्यांचं हसणं.

२३ जुलै, बुधवार

कामावर गेलो नाही. नदीच्या काठावर बसलो. सारखं वाटत होतं की पळून जावं. सिरोंच्याकडे जावं, पलीकडं तेलंगणात कोणी ओळखणार नाही.

दुपारी दिव्यानी आली. कॉलेजातून इतक्या लांब सायकलनं, दुपट्टा चेहऱ्याला गुंडाळून. सायकल आडवी टाकली.

"सांग."

सांगितलं. लेबलं, ब्लेड, खोबरेल तेल, सगळं. आकडाही सांगितला. माझी वाट लागली, आता मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती जणी पेल्या?"

"अकरा. बारावी तुयी आई. आन तू."

"कॅन दोन होते म्हनतं ना तू."

"हो."

"दुसरा कुठी आहे?"

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहितो. दोन दिवस मी भीतीनं जेवलो नव्हतो, बारा बायांची नावं मनात घोकत होतो, आणि त्या नावांत माझ्या मायचं नाव नव्हतं. बाचं नव्हतं. ध्यानातच आलं नाही. घरात रोज समोर असलेला तो कॅन मी पाहत होतो आणि मला तो दिसत नव्हता.

दिव्यानी म्हणाली, "ऊठ."

घरी माय चुलीपाशी बसली होती, डोक्याला फडकं बांधून. बाजूला कॅन, त्यावर पालथा गिलास. मी कॅन उचलला. माय म्हणाली, "आता कोनाले देतं?" मग तिला दिव्यानी दिसली आणि ती फडकं सोडून केस सारखे करायला लागली.

२४ जुलै, गुरुवार

मॅडमना सांगितलं. दिव्यानी माझ्याशेजारी उभी होती. साक्षीला असेल.

मॅडम ओरडल्या नाहीत, त्यानं जास्त भीती वाटली. त्यांनी आधी परवाची माझी बाटली मागितली. ती यंत्रातच राहिली होती, बंद, अंधारात. पुन्हा मोजली.

एकवीस.

मला वाटलं यंत्र बिघडलं. मॅडम म्हणाल्या, "पाण्यात ब्लीचिंग, वरून खिडकीतला उजेड, आणि तू बाटली तशीच यंत्रात घातलीस. मी काय सांगितलं होतं?" मग त्याच म्हणाल्या, "ब्लीचिंगनं कॉकटेल चमकलं. दोन दिवसांत विझलं. या कॅनात ट्रिशियम नाही, निकेश. टोल्युइनचा वास आहे, तो काही चांगला नाही. बायांची डोकी त्यानंच दुखली असतील. पण ट्रिशियम नाही."

मी खालीच बसलो.

मग मायच्या कॅनातलं पाणी. माय त्यात ब्लीचिंग टाकत नाही, त्याचा वास तिला सहन होत नाही म्हणते. दिव्यानीनं स्वतः मिसळलं, काळ्या कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं. उद्या मोजू.

घरी जाऊन मायला हातपंपाचं पाणी पितळी गुंडीत भरून दिलं. ती म्हणाली, "आज काऊन एवढा गुनी झाला?"

२५ जुलै, शुक्रवार

सहाशे चाळीस.

पुन्हा मोजलं. सहाशे छत्तीस. तासाभरानं सहाशे एकेचाळीस. ते विझत नाही.

२५ जुलै, तोच दिवस

मघाशी लिहिता आलं नाही.

मॅडमनी कागदावर हिशोब करून दाखवला. पाण्यात मुरलेलं ट्रिशियम खूप नाही. शरीरात गेलं तरी पाण्यासारखंच वागतं, घामातून, लघवीतून निघून जातं. अंदाजे दहा दिवसांत निम्मं. भरपूर पाणी पाजायचं. "पण अंदाजावर मी तुला घरी पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. "मोजायचं. तू हातपंपावरच पितोस म्हणालास, तर तुझ्या आई-वडिलांची लघवी आण. दिव्यानीची आणि तिच्या आईचीही आण, म्हणजे शंका राहायला नको. आणि मी वर कळवणार आहे. कॅन खोलीत कोणाच्याही हाताला लागतील असे ठेवले, ती चूक माझी. ते मी लिहीन. तुझी तू लिही."

मग दिव्यानीचा सगळा दिवस कॉकटेलमध्ये गेला. अ मध्ये लघवी घातली की दुधासारखं फाटतं, वर एक थर आणि खाली एक थर, आणि असा आकडा खोटा. ब मध्ये फाटत नाही, पण रंगानं चमक गिळली जाते. जुन्या टोल्युइनमध्ये तर पाण्याचा थेंबही मिसळत नाही, त्यात वेगळं मिसळवणारं घालावं लागतं, ते आणखी वाईट. क मध्ये कमी लघवी घातली तर काचेसारखं स्वच्छ राहतं. चमक जुन्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे जास्त वेळ मोजावं लागतं. आठ वेगवेगळी मापं केली तिनं, स्वतःच्या नमुन्यावर. लाजली नाही. मीच बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या वहीत तिनं लिहिलं, क निवडलं. मला म्हणाली, "जास्त टाइम मोजू. चालते. खोटा आकडा नाई पायजे." मग पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि निघून गेली. माझ्याशी बोलायचं नसेल.

२६ जुलै, शनिवार

मायला सांगितलं.

आधी तिला कळलंच नाही. म्हणाली, "करंट आहे काय पान्यात?" मग समजावलं. मग म्हणाली, "मूत? मायं मूत तुया कॉलेजात नेतं?"

"हो."

"आन ते पोरगी पायन?"

"तेच मोजन."

"बाई बाई बाई." तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते. मग खांदे हलले आणि मला समजलं की हसत नाही. "मी मरन काय रे?"

मला खोटं बोलता येतं. या महिन्यात मी तेच करत आलो. "नाई, माय," म्हणणं तोंडाशी आलं होतं.

"मॅडम म्हनते काई होत नाई. पन मले माहीत नाई. मोजून पायतो."

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "डोस्कं दुखते म्हनलं तं तू म्हनला होता ऊन लागलं."

"हो."

"तवा कॅन काऊन नाई पायला?"

मी रिकामी बाटली तिच्यापुढं ठेवली.

बाला तिनंच सांगितलं. त्यानं जाळं विणणं थांबवलं नाही. "बाटली ठेव, देतो भरून," एवढंच. मग गाठ ओढून म्हणाला, "लेबल काऊन काढलं होतं?"

"चांगला दिसावा म्हनून."

"कोनाले?"

मी उठून गेलो.

२७ जुलै, रविवार

आज टोळीवर जाऊन बारा जणींना सांगितलं, सगळ्या उभ्या असताना. तुमच्या पाण्यात तसलं काही नव्हतं, पण वासाचं औषध होतं, डोकं त्यानं दुखलं, दवाखान्यात दाखवा, चोरलेला कॅन मी आणला होता. सुगंधाबाईनं चिखलाचा गोळा मारला, बरोबर छातीवर. मनकर्णाबाई एवढंच म्हणाली, "तुया मायचं काय?" म्हटलं, उद्या कळन. ती परत वाकली आणि रोवायला लागली.

२८ जुलै, सोमवार

एकेक बाटली शंभर मिनिटं. मनकर्णाबाई एकोणीस. दिव्यानी बावीस. बा तेवीस.

माय अठ्ठावन्न.

मॅडमनी लगेच हिशोब केला. छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी, म्हणाल्या. घाबरण्यासारखं नाही. दहा दिवसांत निम्मं व्हायला पाहिजे आणि झालं नाही तर नागपूरला पाठवू. बाला कमी का, ते घरी त्यालाच विचारलं. तो डोंग्यावर नदीचंच पाणी पितो म्हणे, कॅन नुसता सावलीत ठेवायचा. "वास येत होता ना," म्हणाला. आणि जाळं विणत राहिला.

मागच्या खोलीची किल्ली मॅडमनी माझ्याकडून घेतली. त्यांनी घ्यायलाच पाहिजे होती.

३१ जुलै, गुरुवार

डॉक्टरांनी मायचं रक्त तपासलं, ठीक आहे. डोकं दुखणं थांबलं. ती दिवसभर पाणी पिते आणि मला हाका मारून मोजायला लावते, "हा पंधरावा गिलास, लिही." मी लिहितो. तिची थट्टा आहे की काय ते कळत नाही. दुपारी ती झोपली की मी तिच्या छातीकडे पाहत बसतो, वरखाली होते की नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी मायची बाटली आणली होती. क मिसळून दोन दिवस अंधारात ठेवली, मीच ठेवली, एकदाही उघडून पाहिली नाही. आज सकाळी दिव्यानीनं यंत्रात घातली.

मी यंत्राकडे पाठ करून उभा राहिलो. दिव्यानी स्टुलावर बसली होती. शंभर मिनिटं ती पाणी प्यायलाही उठली नाही. मॅडम तासाला गेल्या होत्या. बाहेर कॉलेजची पोरं कँटीनकडे ओरडत जात होती, त्यातला एक मी असतो.

यंत्र थांबल्याचा आवाज आला.

मी वळलो नाही. सहाशे चाळीससारखं झालं असेल, विझत नसेल, असं वाटलं.

"किती?"

"सदतीस," ती म्हणाली.

अठ्ठावन्नाचे सदतीस. वीस तर कोणाच्याही असतात. म्हणजे निम्म्याहून कमी उरलं. निघून चाललं आहे.

मी वळलो. दिव्यानीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता आणि हुंदके देऊन रडत होती. एवढी रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. त्या दिवशी नदीवरही नाही. मी म्हटलं, "अवं, उतरलं ना, बरोबर आहे ना?" तिनं मान हलवली, हो म्हणून, आणि आणखीच रडली. मग माझा हात धरला, जोरात, आणि लगेच सोडून नाक पुसत वहीत आकडा लिहायला लागली.

मला समजत नाही. तिच्या आईचा आकडा तर पहिल्याच दिवशी ठीक आला होता, तिचा स्वतःचाही. मग ही काऊन रडते?

विचारायची हिंमत झाली नाही. गाडी काढली आणि मायला सांगायला गेलो.